नतंझच्या मकबऱ्यातल्या लस्टर (धातूसारख्या झळाळीच्या) टाइल गेल्या, मग वरची जिप्समची नक्षी कशी टिकली?

वास्तुवेडा: इराणमध्ये नतंझला शेख अब्द अल्-समद यांच्या मकबऱ्यात खालच्या भिंती उघड्याबोडक्या आहेत. वरचं जिप्समचं मुकर्नस छत (मधाच्या पोळ्यासारखे थरांथरांचे कोनाडे; १३०७) मात्र बरंचसं शाबूत. काळ एकच, मग असं का? आणि टाइलवरची झळाळी सोन्याची होती का?

भट्टीवाला: सोन्याचा संबंध नाही, ती चांदी आणि तांबं यांची करामत. काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये कृती लिहून ठेवलीय. टाइलच्या मूळ लगद्यात १० भाग कुटलेली गारगोटी, १ भाग काचेची पूड, १ भाग पांढरी माती. त्यावर कथिल-शिशाची पांढरी झिलई; कोबाल्टचा निळा रंग पहिल्याच भाजणीत. मग धातूंच्या क्षारांचा लेप देऊन दुसरी, कमी आचेची, धुराची भाजणी. हवा कोंडली की धुरामुळे क्षारांतला ऑक्सिजन निघून जातो आणि धातूचा अतिसूक्ष्म थर झिलईत बसतो. वर उरलेली राख-माती घासली की चमक दिसते. सगळा खेळ या दुसऱ्या भाजणीत आहे. आच कमी पडली तर लस्टर घासतानाच निघतं. जास्त झाली तर झिलई मऊ पडून रंग मळकट होतो.

तयार टाइल जागेवर नेऊन गिलाव्यात बसवायच्या. म्हणजे पातळ छिन्नीने उचकटताही येतात! एकोणिसाव्या शतकात तेच झालं. नतंझच्या टाइल आज परदेशी संग्रहालयांत आहेत.

गिलावा_घोटणी: जिप्समची नक्षी भिंतीवरच कोरलेली असते, काढायला गेलात तर तुकडे होतात. चोराला त्यात काय मिळणार? जिप्सम चुन्यासारखं आकसत नाही, घट्ट होताना किंचित फुगतं, त्यामुळे जाड थरालाही सहसा तडे जात नाहीत. पण ते मिनिटांत आवळतं, म्हणून खालचे थर झटपट चढवायचे. वरच्या थरासाठी ‘मारलेलं’ जिप्सम: भरपूर पाण्यात, आवळण्याची वेळ टळेपर्यंत ढवळत राहायचं. स्फटिकांची वीण मोडते आणि कोरायला निवांत वेळ मिळतो. मात्र हा थर कमजोर असतो, पातळच ठेवावा. इस्फहानजवळच्या पीर-इ-बकरान मकबऱ्यातला मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, १३०३) जवळून बघा: मागची पानं खोल, पुढची अक्षरं उठावात, आणि अक्षरांच्या पोटातही बारीक जाळी.

वास्तुवेडा: मग खाली टाइल आणि वर जिप्सम हे ओलीमुळे का?

गिलावा_घोटणी: ओलीपासून बचावाचा फायदा होतोच, कारण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं. पण टाइलही जिप्समवरच चिकटवलेल्या असायच्या, ओल चढली की मागून सुटतात. माझ्या मते मुख्य कारण वेगळं: महागडी चमक डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर हवी.