मेच्या पहिल्या शनिवारी प्रथमच दाण्यापासून बिअर: बेत कुठे चुकतो आहे का?

मिनेसोटाकर (मंगळवार, रात्री)

नमस्कार. मे महिन्याचा पहिला शनिवार जवळ आला आहे. अमेरिकेत घरी बिअर करणारी मंडळी त्या दिवशी ‘बिग ब्रू’च्या निमित्ताने आपापल्या गॅरेजमध्ये नाहीतर अंगणात शेगडीवर पातेली चढवतात. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, काकवीसारख्या घट्ट तयार पाकापासून मी आतापर्यंत चार वेळा बिअर केली. यंदा त्याच दिवशी पहिल्यांदा थेट सातूच्या दाण्यापासून करायचे ठरवले आहे.

सामान आणून ठेवले आहे: चार किलो टू-रो पेल माल्ट, ३०० ग्रॅम म्युनिक माल्ट, कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुले), यूएस-०५ यीस्टचे साडेअकरा ग्रॅमचे एक पाकीट, ३० लिटरचे स्टीलचे पातेले आणि दाणे भिजवायची जाळीदार पिशवी. शेवटी १९ लिटर हाती यावे अशी अपेक्षा आहे. शनिवारी सकाळी आठला सुरुवात करून दुपारी एकपर्यंत आवरायचे, कारण रविवारी सकाळी मुलीची मराठी शाळा असते आणि तिथे माझ्याकडे स्वयंसेवकाचे काम आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. जानेवारीत केलेली बिअर मी मित्रांना मोठ्या हौसेने ओतून दिली. रंग सोनेरी होता, फेस दाट होता, आणि पेला नाकाशी नेताच जखमेवर चिकटवायच्या औषधी पट्टीचा वास आला. दोन आठवडे थांबूनही तो कमी झाला नाही, तेव्हा सगळ्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. त्या वेळी ११ लिटर पाण्यात पाक उकळला होता, वर आठ लिटर नळाचे गार पाणी घातले होते आणि आंबवायची बादली तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीशेजारी ठेवली होती. स्वच्छतेत कसूर केली नव्हती. बेतात काय बदलू, हे जाणकारांनी सांगावे.

ओरेगॉनकर (बुधवार, सकाळी)

पाककृती चांगली आहे, तिला हात लावू नका. माझे म्हणणे इतकेच की आपण सगळे शनिवारच्या पाच तासांचा बेत बारकाईने आखतो आणि त्यापुढच्या तीन दिवसांचा आखतच नाही. शनिवारी आपण फक्त गोड काढा, म्हणजे वर्ट, करतो. त्याची बिअर यीस्ट करते, आणि तिची चव बरीचशी पहिल्या बहात्तर तासांत ठरते. त्यामुळे बेत यीस्टपासून मागे आखत यावा असे मला वाटते.

आजच तळघराच्या फरशीवर एक थर्मामीटर ठेवा आणि शुक्रवारपर्यंत सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून काढा. किण्वन (आंबण्याची क्रिया) जोरात असताना बादलीच्या आतले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असू शकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खोली १६ ते १७ अंश सेल्सिअस असेल तर आत १९-२० होतील, आणि यूएस-०५ ला ते उत्तम मानवते. भट्टीशेजारची जागा मात्र सोडा. तिथे खोलीच २४ अंशांवर असेल तर आत २७-२८ होतात आणि बिअरमध्ये उग्र, रंगाच्या थिनरसारखा वास उतरतो. तुमचा औषधी वास त्यातलाच असावा, असा माझा अंदाज आहे.

तळघर जास्त गरम निघाले तर बादली पाण्याच्या टबात ठेवून तिच्याभोवती ओला पंचा गुंडाळा आणि समोर पंखा लावा. उन्हाळ्यात माठाभोवती ओले फडके गुंडाळतो तसेच हे आहे, आणि तीन-चार अंश सहज उतरतात. दुसरे म्हणजे, उकळलेला वर्ट १८ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय यीस्ट टाकायची घाई करू नका. तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचे पाणी फिरवून तो २२-२३ वर अडकला आणि दुपारचा एक वाजला, तर बादली झाकून तळघरात ठेवा आणि यीस्ट संध्याकाळी टाका. सगळे निर्जंतुक असेल तर या सहा तासांनी काही बिघडत नाही. गरम वर्टमध्ये टाकलेल्या यीस्टने मात्र बिघडते.

लीड्सवासी (बुधवार, दुपारी)

तापमानाबद्दल ओरेगॉनकर म्हणतात ते मला पूर्ण मान्य आहे. वासाच्या निदानाशी मात्र मी सहमत नाही. अति उष्णतेने येणारा वास स्पिरिटसारखा, घशाला झोंबणारा असतो. जखमेच्या पट्टीचा वास हा क्लोरोफिनॉलचा वास आहे, आणि त्याचे कारण मूळ प्रश्नातच लिहिलेले आहे: आठ लिटर नळाचे गार पाणी, न उकळता, वरून घातलेले.

शहरी पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरिन किंवा क्लोरामाइन असते. माल्ट आणि हॉप्समधल्या, तसेच यीस्टने तयार केलेल्या फिनॉल वर्गातल्या संयुगांशी त्याचा संयोग झाला की क्लोरोफिनॉल तयार होते. अब्ज भागांत काही भाग इतक्या अत्यल्प प्रमाणातही ते नाकाला कळते, आणि एकदा तयार झाले की साठवण करून किंवा गाळून जात नाही. म्हणूनच तुमच्या दोन आठवड्यांच्या वाट पाहण्याने काही झाले नाही. माझ्या तिसऱ्या बिटरची (इथल्या कडवट बिअरची) गत हीच झाली होती. तेव्हा मी दोन महिने बादल्या, नळ्या, झाकणे सगळे बदलत बसलो. पाण्याकडे बघायचे सुचले नाही, कारण तेच पाणी आम्ही रोज पीत होतो.

उपाय अगदी स्वस्त आहे. कॅम्पडेन गोळी म्हणून मिळते ती पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटची गोळी असते. ग्लॉस्टरशायरमधल्या चिपिंग कॅम्पडेन या गावावरून तिला हे नाव पडले. साधारण ७५ लिटर पाण्याला एक गोळी पुरते, म्हणजे तुमच्या २७-२८ लिटरला अर्धी पुष्कळ झाली. ती चुरडून थंड पाण्यात टाका, ढवळा, पाचेक मिनिटे थांबा आणि मगच शेगडी पेटवा. नुसते उकळल्याने क्लोरिन उडून जातो, पण क्लोरामाइन फार सावकाश जाते, शिवाय दाणे तर तुम्ही उकळीच्या आधीच घालणार आहात. तेव्हा उकळीवर विसंबू नका. आणि शेवटी पाणी कमी पडले म्हणून नळाखाली भांडे धरायचे नाही, हे स्वतःला बजावून ठेवा. लागेल असे वाटत असेल तर तीन-चार लिटर पाणी गोळी घालून, उकळून, झाकून आदल्या रात्रीच तयार ठेवा.

पाण्याचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे आणखी. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर, म्हणून तिथल्या पेल एल या बिअरमध्ये हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि ठसठशीत उमटला. चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झेनचे पाणी अगदी मृदू, म्हणून तिथे ती नाजूक, फिकट लागर बिअर रुजली. पहिल्याच वेळी क्षार मिसळत बसू नका, पण आपल्या नगरपालिकेचा पाण्याचा वार्षिक अहवाल वाचून ठेवा. इथे इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, आणि तेव्हापासूनची कितीतरी अनुभवी माणसे स्थानिक मंडळांत भेटतात. ती नव्या माणसाला आधी पाणी कुठले वापरता हेच विचारतात.

पुण्याचा वाचक (गुरुवार, सकाळी)

चर्चा आवडीने वाचतो आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: तिथे अशी घरी दारू गाळायला परवानगी लागत नाही का? आणि इथे पुण्यात कोणाला करायची असेल तर?

एडिसनचा कोकणी (गुरुवार, रात्री)

पुणेकर, आधी तुमचे उत्तर देतो. बिअर गाळत नाहीत, आंबवतात. गाळणे म्हणजे ऊर्ध्वपातन, आणि ते घरी करणे अमेरिकेतही संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. घरगुती बिअरला मुभा देणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. त्यानुसार एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर करता येते. विकता मात्र येत नाही. तरी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यापुरतेही नाही. तेव्हा पुण्यात कृपया हे करू नका. परवानाधारक मायक्रोब्रुअरी तुमच्याकडे आहेत, तिथल्या ब्रुअरशी जाऊन बोला. ही माणसे बहुधा मनापासून दाखवतात.

आता मिनेसोटाकर, तुमच्या पातेल्याबद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. हिशेब करून पाहा. फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या बादलीत, १९ लिटर हवे, तळाच्या गाळात दोन लिटर जाणार, तासाभराच्या उकळीत चार लिटर वाफेने जाणार आणि ४.३ किलो दाणे सुमारे अडीच लिटर पिऊन बसणार. म्हणजे पाणी साडेसत्तावीस लिटर लागते. त्यात दाणे स्वतःच तीन लिटरच्या आसपास जागा व्यापतात. तुमचे पातेले ३० लिटरचे आहे. पिशवी सोडताच गोड चिकट पाणी शेगडीवर उतू जाईल. म्हणून सुरुवातीला २३ लिटरच घ्या, ते ७० अंशांपर्यंत तापवा, दाणे सोडून नीट ढवळा म्हणजे गुठळ्या राहणार नाहीत, आणि तापमान ६६ वर स्थिरावले की झाकण ठेवून पातेले जुन्या रजईत गुंडाळा. ६६ ला दाण्यातल्या, स्टार्चची साखर करणाऱ्या दोन्ही विकरांचे काम चालते आणि बिअर फार कोरडी नाही, फार जड नाही अशी होते. तासाभराने पिशवी उचला आणि श्रीखंडाचा चक्का टांगतो तशी पातेल्यावर टांगा. वरून राखून ठेवलेले साडेचार लिटर गरम पाणी हळूहळू ओता, म्हणजे दाण्यांत अडकलेली साखर उतरेल. या टप्प्याला घाई केली तर वर्टची घनता (त्यात किती साखर उतरली याचे माप) हमखास कमी भरते. उकळताना झाकण पूर्ण बंद करू नका, आणि पहिला फेस वर चढतो त्या पाच मिनिटांत पातेल्यासमोरून हलू नका.

माझा स्वतःचा या आठवड्याचा बेत कोकम घालून गोझे करण्याचा आहे. गोझे ही जर्मनीतल्या गोस्लार आणि लाइपझिगकडची आंबट गव्हाची बिअर. तिच्यात धणे आणि मीठ पूर्वीपासून पडते, त्यामुळे कोकणी माणसाला ती पहिल्याच घोटाला ओळखीची वाटते. शुक्रवारी रात्री वर्ट काढून लॅक्टोबॅसिलस (दही आंबट करतात तसले जिवाणू) टाकायचा, पातेले ३८ अंशांच्या आसपास गुंडाळून ठेवायचे, आणि रविवारी पीएच (आंबटपणाचे माप) ३.४ च्या जवळ आला की उकळून पुढचे काम करायचे. दोन दिवस मिळाले तरच हे जमते. गेल्या वर्षी मी बाटलीतले आगळ घातले आणि वर मोजून मीठही घातले. आगळात आधीच भरपूर मीठ असते हे ठाऊक असून ध्यानात राहिले नाही, आणि बिअर खारट झाली. यंदा बिनमिठाची सुकी सोले आणली आहेत. १९ लिटरला ८० ग्रॅम सोले, किण्वन ओसरल्यावर, चार दिवसांसाठी. रंग सुंदर येतो आणि आंबट बिअरमध्ये तो टिकतो.

ओरेगॉनकर (शुक्रवार, सकाळी)

लीड्सवासी यांचे निदान बरोबर आहे, माझे चुकले. नळाच्या पाण्याचा उल्लेख मी वाचला, पण त्यावर थांबलो नाही. भट्टीशेजारची जागा सोडण्याचा सल्ला मात्र कायम ठेवतो.

मिनेसोटाकर (रविवार, रात्री)

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते लिहितो.

शुक्रवारी रात्रीच पाणी मोजून त्यात अर्धी गोळी घातली आणि दाणे दळून ठेवले. शनिवारी आठच्या ऐवजी साडेसहाला शेगडी पेटवली. २३ लिटरमध्ये पिशवी सोडल्यावर पातेल्याच्या काठाशी चार बोटे जागा उरली. कोकणींनी हिशेब करून दिला नसता तर गॅरेजची फरशी धुण्यातच दुपार गेली असती. दाणे ६७ अंशांवर स्थिरावले, एका अंशाने जास्त. सांगलीहून आलेली माझी आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती. झाकण उघडल्यावर ती म्हणाली की हा कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवताना येतो तसाच वास आहे. खरोखर तसाच होता, आणि पाकापासून करताना तो मला कधीच मिळाला नव्हता.

घनता १.०४८ अपेक्षित होती, १.०४६ भरली. पिशवीवरून पाणी ओतताना शेवटी मी घाई केली, हे मान्य करतो. वर्ट २३ अंशांवर अडकला, तेव्हा ओरेगॉनकरांचे ऐकून बादली तळघराच्या दुसऱ्या टोकाला, फरशी १६ अंश असलेल्या कोपऱ्यात ठेवली आणि यीस्ट संध्याकाळी साडेसातला टाकले. वर्टचा नमुना चाखून पाहिला: गोड, कडू, आणि औषधाचा वास अजिबात नाही. वास नंतरही येऊ शकतो याची कल्पना आहे, म्हणून निष्कर्ष बाटल्या भरताना, तीन आठवड्यांनी, कळवीन.

आईने पिशवीत उरलेल्या दाण्यांचा दोन वाट्या चोथा ओव्हनमध्ये वाळवून, दळून भाजणीत मिसळला आणि आज मराठी शाळेतून आल्यावर त्याची थालीपिठे केली. तूस थोडे दाताखाली येते, तेव्हा पुढच्या वेळी पीठ चाळून घेऊ. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी चोथा त्याच दिवशी वाळवावा. उरलेला मी गॅरेजमध्ये ठेवला होता, तो आज सकाळीच आंबला होता.

एअरलॉक (बादलीच्या झाकणावरची, आतला वायू बाहेर सोडणारी नळी) दुपारपासून दर दोन-तीन सेकंदांनी बुडबुडतो आहे. बादलीला चिकटवलेल्या तापमानाच्या पट्टीवर आत्ता १९ अंश दिसत आहेत.