मदत हवी आहे: साइटसाठी सेफ्टी शूज, लहान मापात (इंदूर)

साइटवाली

नमस्कार मंडळी. सिव्हिलचा डिप्लोमा झाला आणि निपानियाकडच्या एका इमारतीच्या कामावर लागले आहे. ठेकेदाराने दिलेला जोड आठ नंबरचा, माझा पाय पाच नंबरचा. दोन मोजे चढवले तरी शिडीवर टाच बाहेर येते. ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, मॅडम, तुम्ही आपले स्पोर्ट्स शूज घाला. परवा सेंट्रिंग (काँक्रीटला आधार देणाऱ्या फळ्या) उघडली तेव्हा फळ्या उलट्या पडलेल्या, खिळे वर, बांधणीच्या तारांचे तुकडे सगळीकडे, आणि त्यातूनच मला कॉलम बघायला जायचं होतं. स्पोर्ट्स शूज म्हणे!

सियागंजात फिरून आले. साडेसहाशेपासून अडीच हजारांपर्यंत सगळे सारखेच काळे, आणि दुकानदाराचं एकच पालुपद, ‘स्टील टो है, ले जाओ.’ बोटांवरची ती कडक टोपी, म्हणजे टो, स्टीलची घ्यावी की कंपोझिट (प्लास्टिक-फायबरची)? पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत कुठला सोल चालतो? स्लॅबच्या दिवशी हेच घालायचे का? आणि माझ्या मापाचे मिळतात कुठे? बजेट दोन हजारांच्या आसपास.

जुना मुकादम

ताई, तुम्ही टोचं विचारताय, पण तुमच्या वर्णनात धोका सगळा तळाकडून आहे. स्टील टो बोटांवर वीट पडली तर वाचवेल, खिळ्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. त्यासाठी सोलच्या आत वेगळा थर लागतो आणि स्वस्त जोडात बहुतेक वेळा तोच नसतो. जिभेच्या आत किंवा बाजूला छापलेलं वाचा. ‘आयएस १५२९८ भाग २’ (सेफ्टी बुटांचं भारतीय मानक) आणि त्याबरोबर एस१पी किंवा एस३ असं हवं. नुसतं एसबी किंवा एस१ असेल तर खिळ्यापासून संरक्षण नाही, वेगळा ‘पी’ छापलेला असेल तरच आहे. भाग २ म्हणजे टोने २०० जूलचा आघात सोसायचा, ढोबळ हिशेबाने वीस किलोचं वजन एका मीटरवरून पडलं तर. भाग ३ मध्ये तेच १०० जूल, आणि भाग ४ मध्ये टोपीच नसते. काही दुकानदार भाग ४ चेच बूट ‘सेफ्टी’ म्हणून गळ्यात मारतात.

हा आतला थर दोन प्रकारचा येतो, पोलादी पत्रा किंवा जाड विणीचं कापड. कापडाचा हलका, वाकणारा आणि तळ कडेपर्यंत झाकणारा, पण बारीक खिळा त्यातून घुसू शकतो. सेंट्रिंगच्या कामाला मी पत्राच घेईन, जरा जड झाला तरी.

टो स्टील की कंपोझिट, यावर फार डोकं शिणवू नका. दोघांची चाचणी एकच. कंपोझिट हलका असतो आणि मे महिन्यात कमी तापतो. पैसे उरले तर तो घ्या.

पीथमपूरकर

मापाचं मी सांगते, मी कारखान्यात आहे पण दुखणं तेच. पुरुषांच्या साच्याचा पाच नंबर घेतला तरी बऱ्याच जणींना टाचेत ढिला होतो, आपली टाच अरुंद असते. बायकांच्या साच्याचे जोड आता बऱ्याच मोठ्या कंपन्या काढतात, दुकानात नसले तरी मागवून देतात. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि साइटवर घालता तेच जाड मोजे घालून बघा. उतरंडीवर किंवा पायरीवर उतरून पाहायचं. बोटं टोला टेकली तर माप लहान, मग दुकानदार कितीही म्हणो ‘खुल जाएगा’. चामडं सैल होतं, टोपी नाही.

शिवाय बनवल्याचा महिना-वर्ष बघा. पीयू (पॉलियुरेथेन, फोमसारखं प्लास्टिक) सोल गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिला की दमटपणाने कुजतो, नवाकोरा जोड चालता चालता भुगा होतो.

साइटवाली

वा, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मुकादमकाका, आयएसआयचा शिक्का खोटाही असू शकतो ना? आणि काळी माती राहिलीच.

जुना मुकादम

शिक्क्याखाली सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा परवाना नंबर असतो, तो मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाका, कंपनीचं नाव समोर येतं. नंबरच नसेल तर ठेवा तिथेच.

काळ्या मातीत बारीक नक्षीचा सोल दोन पावलांत बंद होतो, मग तुम्ही मातीच्या गोळ्यावर चालता. खोल आणि लांब-लांब खाचांचा घ्या, टाचेला वेगळी पायरी असलेला. तिच्यामुळे शिडीच्या दांडीवर पाय अडतो.

स्लॅबच्या दिवशी मात्र चामड्याचे नकोच. ओल्या काँक्रीटचा क्षार फार कडक, पीएच १२-१३ च्या घरात. चामड्यातून तो आत झिरपतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि रात्री मोजा काढावा तर कातडी सोललेली. गुडघ्याखालपर्यंतचा गमबूट घ्या, त्यातही टो आणि पत्रा असलेले मिळतात. पँट गमबुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर वरून गिट्टी-सिमेंट आत जातं. गेलंच तर काम सोडून लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा.

पीथमपूरकर

आणि खर्च तुम्ही का करताय? १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा आला तेव्हापासून सुरक्षेची साधनं देणं मालकाकडे आहे, आणि पायात न बसणारा जोड म्हणजे दिल्यासारखा नाहीच. ‘मापाचा बूट हवा’ असं सेफ्टीवाल्याला लेखी द्या, तारीख टाकून. मोठ्या बिल्डरकडे असं पत्र गेलं की सहसा खरेदीवाले हलतात. तोवर स्वतःचे घेतलेत तर बिल जपून ठेवा.

साइटवाली

पत्र उद्याच देते. रविवारी पुन्हा सियागंज, या वेळी जीभ उलटी करून वाचणार. इंदुरात बायकांच्या साच्याचे जोड मागवून देणारं दुकान कोणाला ठाऊक असेल तर तेवढं सांगा.