वाचनालयाच्या नोंदींसाठी मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे की मालकी हक्काचे?

प्रश्न: ग्रंथपाल, दारव्हा तालुका (यवतमाळ)

सप्रेम नमस्कार. आमचे सार्वजनिक वाचनालय ब वर्गातील असून संग्रहात मुख्यतः मराठी पुस्तके आहेत. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून आम्ही दाखल नोंदवही आणि देवघेव यांसाठी एक प्रणाली विकत घेतली होती. त्यांचा व्यवसाय आता बंद झाला आहे. नव्या संगणकावर ती प्रणाली सुरू करण्यासाठी लागणारा क्रमांक देणारे कोणी उरलेले नाही, आणि आमच्या साऱ्या नोंदी ज्या फाइलमध्ये आहेत ती दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडत नाही. जुना संगणक चालू आहे तोवरच हे काम चालणार आहे.

कार्यकारी मंडळात दोन मते पडली. एका सदस्यांच्या मते व्यावसायिक सॉफ्टवेअरच घ्यावे, कारण पैसे घेणाऱ्यावर जबाबदारी टाकता येते. दुसरे सदस्य मुक्त सॉफ्टवेअरचा आग्रह धरतात, कारण त्याला खर्च येत नाही. मला ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात. खरा फरक कशात आहे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर: संगणकशास्त्राचे अध्यापक, अमरावती

आपली शंका रास्त आहे. किंमत आणि परवाना (म्हणजे वापराच्या अटी) या दोन स्वतंत्र गोष्टी असून मुक्त आणि मालकी हक्काचे सॉफ्टवेअर यांतील भेद केवळ परवान्याचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त संगणक-प्रणाली घडवण्याचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. या संस्थेच्या व्याख्येनुसार मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला चार अधिकार असले पाहिजेत, आणि हे अधिकार न देणारे ते मालकी हक्काचे: प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवणे, तो कसा चालतो हे तपासून त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि आपण बदललेली प्रतही इतरांना देणे. दुसरा आणि चौथा अधिकार सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हाती असल्याशिवाय बजावताच येत नाही. १९८९ मध्ये आलेल्या जीपीएल (जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स) परवान्याने त्यावर एक अटही घातली, ती अशी की बदललेली प्रत जो दुसऱ्याला देईल त्याने तिचा सोर्स कोडही त्याच अधिकारांसह द्यावा. लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा याच परवान्याखाली आहे.

आता ‘व्यावसायिक’ या शब्दाकडे वळतो. मुक्त सॉफ्टवेअर व्यावसायिक असू शकते आणि पुष्कळदा असतेही. रेड हॅट ही कंपनी लिनक्सवरील सेवा विकूनच मोठी झाली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचे सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे आणि कंपनी त्यावरील सेवेचे पैसे घेते. उलटपक्षी, पैसे न घेता मिळणारी कितीतरी सॉफ्टवेअर पूर्णपणे मालकी हक्काची असतात. त्यामुळे आपल्या दोन्ही सदस्यांचा वाद मुळात वेगवेगळ्या प्रश्नांवर चालला आहे, असे मला वाटते.

उत्तर: कापूस उत्पादक, घाटंजी

अध्यापक महोदयांनी सांगितलेले मी शेतीवरून समजून घेतले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखून पुढच्या हंगामात पेरू शकतो, शेजाऱ्यालाही देऊ शकतो. संकरित बीटी बियाणे मात्र दरवर्षी दुकानातूनच आणावे लागते. तरीही आमच्या भागात बहुतेक शेतकरी संकरितच पेरतात, आणि ते अडाणी म्हणून पेरतात असे कोणी समजू नये. ज्याचे काम आज भागायचे आहे तो आजची सोय पाहणारच. म्हणून मालकी हक्काचे सॉफ्टवेअर घेणाऱ्याला दोष देण्याआधी त्याच्या जवळपास दुसरी सोय होती का, हे पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

उत्तर: ग्रंथालय संगणकीकरणाचे काम करणारा, वर्धा

वरील दृष्टान्त पटण्यासारखा आहे, तथापि त्यात एक फरक राहतो. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, हा निसर्गाचा भाग झाला. सॉफ्टवेअरची प्रत मात्र कितीही वेळा काढली तरी जशीच्या तशी राहते, तिला अडवतो तो केवळ परवाना आणि झाकून ठेवलेला कोड.

आपल्या कामासाठी कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली पाहावी. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या जिल्ह्याच्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० सालाच्या तारखांमुळे अडचणीत येणार होती, तेव्हा न्यासाने एका खासगी कंपनीला मोबदला देऊन कोहा तयार करून घेतली आणि जीपीएलखाली सर्वांसाठी खुली केली. जानेवारी २००० पासून ती वापरात आहे. ती लिनक्सवर चालते, ब्राउझरमधून वापरता येते आणि वाचनालयातील अंतर्गत जोडणीवर इंटरनेटविनाही काम करते, जे आपल्याकडे महत्त्वाचे आहे.

परंतु त्याआधीचे काम अधिक नाजूक आहे. आपल्या जुन्या नोंदी बहुधा युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) फॉन्टमध्ये असतील. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर केवळ निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, मात्र ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, कारण जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात आणि युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘कविता’ शब्दातील वेलांटी जुन्या फाइलमध्ये ‘व’च्या आधी असते, नव्या फाइलमध्ये नंतर. हे एका ठिकाणी चुकले तर पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही. जुना संगणक चालू आहे तोवर त्या प्रणालीतून निघतील तेवढे अहवाल मजकुराच्या फाइलमध्ये काढून घ्यावेत आणि त्याच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अहवाल काढण्याचे काम लगेच हाती घेत आहे. एक शंका उरते: कोहा बसवून देणारा आणि पुढे सांभाळणारा माणूस तालुक्यात नसेल, तर आमच्यासारख्यांनी काय करावे?

उत्तर: ग्रंथालय संगणकीकरणाचे काम करणारा, वर्धा

सेवा विकत घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. आपल्या पहिल्या सदस्यांचे म्हणणे इथे खरे ठरते. कोहाची सेवा देणारे व्यावसायिक भारतात आहेत आणि एकाचे काम पटले नाही तर तीच प्रणाली, त्याच नोंदींसह, दुसऱ्याकडे सोपवता येते. करारात मात्र तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: नोंदींचा बॅकअप दर आठवड्याला वाचनालयाच्या ताब्यातील डिस्कवर पडेल, व्यवस्थापकाचा पासवर्ड अध्यक्षांकडे बंद लिफाफ्यात राहील आणि करार संपताना सर्व नोंदी मार्क (ग्रंथनोंदींचे प्रमाण स्वरूप) व सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) या दोन्ही स्वरूपांत मिळतील. मालकी हक्काची प्रणाली घेण्याचे ठरले तरी तिसरी अट सोडू नये, आणि ती मान्य नसलेल्या विक्रेत्याशी बोलणी तिथेच थांबवावीत.