निस्क्वालीचा बांध मुद्दाम का काढला? सॅमनच्या पिल्लांना खाऱ्या चिखलाचा काय उपयोग?

खारेपाटची_लेक
नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं आम्ही वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपियाजवळ राहतोय. इथे निस्क्वाली नदी समुद्राला मिळते तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे आणि लाकडी पुलावरनं पार खाडीत चालत जाता येतं. परवा गेलो तर ओहोटी होती, नुसता चिखल आणि मधनं पाण्याच्या नागमोडी वाटा. तिथे कळलं की इथे शंभर वर्षांचा मातीचा बांध होता आणि तो 2009 मधे सरकारने स्वतःच काढून टाकला, सॅमन माशांसाठी. मला ते काही केल्या पचेना. माझं माहेर पेणकडचं, खारेपाटातलं. उधाणाच्या रात्री बांधाला खांड गेली की अख्खा गाव घमेली-फावडी घेऊन धावतो, कारण खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरा. आजोबांचा जन्म गेला बांध राखण्यात. मग इथे चांगली कसलेली जमीन समुद्राला परत का दिली? आणि सॅमन तर नदीत वर डोंगराकडे अंडी घालतो ना, त्याला खाडीतल्या चिखलाचं काय?

ओरेगॉनचा_काका
ताई, अंडी वरतीच घालतो, पण पिल्लू बाहेर पडतं ते सगळं वरच राहत नाही. चिनूक जातीची बरीच पिल्लं तीन-चार सेंटीमीटरची असतानाच नदीबरोबर खाली येतात. एवढंसं पिल्लू थेट समुद्रात गेलं तर मोठ्या माशांचा घास, आणि शिवाय त्याचं शरीर गोड्या पाण्याचं, मिठाला तयार नसतं. कल्ल्यांना मीठ बाहेर टाकायची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला खाडीत मिळतो, जिथे पाणी धड गोडं नाही धड खारं नाही. भरती चढली की पिल्लं पाण्याबरोबर त्या नागमोडी वाटांमधनं गवतात शिरतात, किडे, अळ्या, कोळंबीसारखे बारीक जीव खातात, ओहोटीला परत खोल पाण्यात येतात. असं काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. जेवढं मोठं होऊन समुद्रात जाईल तेवढी जगायची शक्यता जास्त. तुम्ही बघितला तो चिखल म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर आहे. बांध घातला की या वाटाच बंद.

आमच्या ओरेगॉनमधे एका नदीचं नावच सॅमन रिव्हर आहे, तिच्या मुखाजवळचे बांध 1978, 1987 आणि 1996 असे टप्प्याटप्प्याने काढले. नंतर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की पिल्लं खाडीत जास्त दिवस राहायला लागली आणि सगळी एकाच वेळी समुद्रात न जाता वेगवेगळ्या वयात, वेगवेगळ्या महिन्यात जायला लागली. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एखाद्या वर्षी समुद्रात खाणं उशिरा आलं तरी सगळ्यांचाच घात होत नाही.

नदीकाठ
जमीन "परत का दिली" याचं उत्तर आधी "कोणाकडनं घेतली" इथनं सुरू होतं. 1854 मधे याच भागात मेडिसिन क्रीकचा करार झाला, निस्क्वाली आणि आसपासच्या मूळ आदिवासी लोकांनी अमेरिकन सरकारला जमीन सोडली पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. 1904 च्या सुमाराला ब्राऊन नावाच्या माणसाने मुखाशी बांध घालून शेत केलं. पुढे 1960 च्या दशकात निस्क्वाली लोकांना आपल्याच नदीत जाळं टाकतात म्हणून अटक व्हायची, त्यांचे नेते बिली फ्रँक ज्युनियर यांना तर 50 पेक्षा जास्त वेळा झाली. 1974 मधे न्यायाधीश बोल्ट यांच्या कोर्टाच्या निकालाने पकडता येण्यासारख्या माशांचा अर्धा वाटा त्यांचा ठरला. पण मासेच उरले नाहीत तर अर्ध्या वाट्याला काय अर्थ? प्यूजेट साउंडचा, म्हणजे ही नदी ज्या समुद्राच्या फाट्याला मिळते तिथला, चिनूक 1999 मधे धोक्यातल्या यादीत गेला. म्हणून जमातीने स्वतः 1996 पासून आपल्या बाजूचे बांध काढायला सुरवात केली, सुमारे 140 एकर, आणि मग 2009 ला अभयारण्याचे 762 एकर. त्या अभयारण्याला आता बिली फ्रँक यांचंच नाव आहे. आणि हो, सगळं नाही सोडलं, आत मागे नवीन बांध घालून गोड्या पाण्याचा थोडा भाग ठेवलाय.

भातवाला_डोंबिवली
सगळं मान्य, पण शेतकऱ्याचं काय? इथे पुस्तकी लोक बांध काढा म्हणतात आणि पोट त्याचं जातं.

ओरेगॉनचा_काका
बरोबर प्रश्न आहे आणि तिकडे वॉशिंग्टनमधल्याच स्कॅजिट नदीच्या खोऱ्यात यावरनं वर्षानुवर्षं भांडणं आहेत. निस्क्वालीचं सोपं होतं कारण जमीन आधीच अभयारण्याची होती. स्कॅजिटमधे फर आयलंडवर 2016 ला जुना बांध काढायच्या आधी मागे नवीन बांध घातला, शेतातल्या पाण्याच्या निचऱ्याची सोय केली आणि मग 131 एकर खाडीला दिले. असं केलं तर शेजारचा शेतकरी निदान बोलायला तयार होतो.

आणखी एक, बांध काढला की लगेच गवत उगवतं असं नाही. शंभर वर्षं भरतीचा गाळ आत आला नाही, जमीन वाळून दबून खाली गेली, त्यामुळे पाणी आलं तेव्हा गवताऐवजी नुसता चिखलच झाला बऱ्याच ठिकाणी. निस्क्वालीवर तर वर ऑल्डर धरण आहे, 1945 चं, रेनियर पर्वतावरनं येणारा बराच गाळ तिथेच अडकतो, मग खाली जमीन वर यायची कशी? तरी पिल्लं मात्र नव्या वाटांमधे लवकर शिरली.

खारेपाटची_लेक
खूप आभार सगळ्यांचे. काल मुद्दाम भरतीला गेले, सगळा चिखल गायब, पाणी पुलाच्या खांबांना लागलेलं. एकदम आमच्याकडचा जिताडा मासा आठवला. त्याचं उलटं ना? तो खाऱ्यात अंडी घालतो आणि पिल्लं खाडीतनं आत येतात, आमच्याकडे उघाडीतनं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातनं, शेततळ्यात शिरलेली पिल्लं वाढवतात. मग तिकडच्या उघाड्यांमधनं सॅमनला आत घेता येत नाही का, बांध न काढता?

ओरेगॉनचा_काका
करतात ना. साधी उघाडी भरती आली की लगेच मिटते म्हणजे पिल्लू यायच्या वेळेलाच दार बंद. म्हणून काही ठिकाणी तरंगत्या फ्लोटची दारं बसवलीत, पाणी ठरलेल्या उंचीपर्यंत चढेपर्यंत ती उघडी राहतात. साध्या दारापेक्षा बरी, पण मोकळ्या खाडीत जेवढी पिल्लं येतात तेवढी तिथनं येत नाहीत. जिथे जमीन सोडणं शक्यच नाही तिथे मात्र मी म्हणेन तेवढं तरी करावं. जिताड्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. तुमच्या गावच्या उघाडीचं दार कसं आहे, लाकडी फळ्यांचं का आपोआप मिटणारं? वडिलांना विचारून इथे लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.