शेतातलं खत खाडीत जातं, मग खाडी हिरवी का होत नाही?

खाडीकाठचा: आमचं गाव वाशिष्ठीच्या काठी, दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला. भाताला युरिया मारला न मागून सरी आल्या की बराचसा वाहून जातो, वर शेणखत, पालापाचोळा, सगळं वहाळातून नदीत न नदीतून खाडीत. गावच्या तळीत एवढं गेलं तर वर हिरवी साय धरते. खाडीचं पाणी मात्र नुसतं तांबडं. जातं कुठे एवढं खत?

जांभादगड: तांबडं आहे म्हणूनच हिरवं नाही 😄 जुलैत कोपरापर्यंत हात घाल, बोटं दिसणार नाहीत, मग शेवाळाला ऊन कुठून मिळणार? शिवाय पुराची ओढ एवढी की वाढायच्या आधीच समुद्रात. खरी वाढ पाऊस सरल्यावर, गाळ बसून ऊन पडलं की डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ) वाढतात, त्यांना कवचासाठी सिलिका लागतं ते सह्याद्रीचा दगड झिजून नदीतूनच येतं. तेव्हाही हिरवं दिसेलच असं नाही, खाणारे टपलेलेच असतात, तिसऱ्या, कालवं असले शिंपले, बारीक जीव.

चिखलातला: अहो पण चिखल राहिला ना! तिवरांखालच्या (खाडीकाठच्या कांदळवनाच्या झाडांखालच्या) काळ्या चिखलात वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन नसतोच. तिथले बॅक्टेरिया श्वासाला युरियापासून बनलेलं नायट्रेट वापरतात, त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, म्हणजे युरियाचा एक हिस्सा परत हवेत, कारखान्याने जिथून काढला तिथेच. (सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचा नाही, तो समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरणाऱ्यांचा.) कुर्ल्यांच्या बिळांतून हवा खाली जाते न तिथे युरियातून सुटलेल्या अमोनियाचं नायट्रेट होतं, म्हणून कुर्ल्याही या कामात आहेत. फॉस्फेटला उडून जायची सोय नाही, ते गाळातल्या लोहाला चिकटतं आणि जांभ्याच्या मुलखात लोहाला काय तोटा. पण चिखलातला ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं न फॉस्फेट परत पाण्यात. उधारीच ती, माफी नाही.

खाडीकाठचा: म्हणजे कितीही ओतलं तरी खाडी पचवणार?

तिसऱ्यावाली: नाय हो, पावसाळ्याचं गणित मे महिन्याला लावू नका. तेव्हा बहुतेक खाड्यांना वरून गोडं पाणी जवळजवळ नसतंच, भरतीला आलेलं ओहोटीला जातं न बरंचसं तेच परत येतं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराची कमी भरती-ओहोटी) तर तेवढीही ये-जा नाही. त्यात गटार सोडलं की ते कुजताना ऑक्सिजन खातं न मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. तुमच्या वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी उन्हाळ्यातही येतं म्हणून तुमचं जरा बरं, सगळ्या खाड्यांचं नशीब तसं नाही. आणि कांदळवन तोडून भराव टाकला तर वर सांगितलेला चिखलच गेला, मग पचवणार कोण?

जांभादगड: +१. आणि दादा, युरिया फेकून मारण्यापेक्षा चारसूत्री भातलागवडीतल्या ब्रिकेट (युरियाच्या दाबून केलेल्या गोळ्या) बघा, रोपांच्या चार चुडांच्या मधोमध एक गोळी चिखलात खोल दाबायची, पाण्याबरोबर जातच नाही फारसं. मजुरी तेवढी वाढते.