कोजागरीचा मदतनिधी मेळावा दर वर्षी व शहरभर करण्याविषयी

प्रेषक: सांस्कृतिक समितीप्रमुख
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

इथे इंग्लंडमध्ये आपल्या शहरातील, मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिससाठी यंदा कोजागरीला जी रक्कम गोळा झाली, तिची पोच आणि आभारपत्र आले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी पुढील वर्षीच्या कार्यक्रमाची तारीख विचारली आहे, आणि ती सांगण्याच्या स्थितीत आपण आज नाही. चर्चच्या हॉलमध्ये, प्रत्येकीने घरून पातेले आणून, मुलांच्या गाण्यांच्या भेंड्या घेत सुरू झालेला हा मेळावा आता दर वर्षी ठरलेल्या दिवशी व्हावा आणि तो फक्त मंडळाचा न राहता शहराचा व्हावा, असा माझा प्रस्ताव आहे. येत्या वार्षिक सभेपूर्वी त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हे पत्र.

आपण ज्यांना मदत करतो त्यांची गरज वर्षातून एका संध्याकाळपुरती नसते. इंग्लंडमधील प्रौढांच्या हॉस्पिसना सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास पैसा सरकारकडून मिळतो. उरलेला देणग्या, मृत्युपत्रांतून ठेवलेल्या रकमा, जुन्या कपड्यांची आणि पुस्तकांची दुकाने आणि लोकांनी भरवलेले मेळावे यांतून उभा राहतो. रुग्णाकडून अथवा त्याच्या कुटुंबाकडून काहीही घेतले जात नाही. १९६७ साली डेम सिसिली साँडर्स यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून या देशात मरणासन्न माणसाच्या वेदनांकडे स्वतंत्र वैद्यकशास्त्र म्हणून पाहिले जाऊ लागले, आणि ते काम गावोगावी उभे राहिले ते मुख्यतः तिथल्या रहिवाशांच्या पैशावर. आपणही इथले रहिवासी आहोत.

छोटा कार्यक्रम मोठा कसा होतो, याचे या देशातील एक उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. कर्करुग्णांसाठी काम करणाऱ्या मॅकमिलन संस्थेचा कॉफी मॉर्निंग १९९० साली अगदी साध्या कल्पनेतून सुरू झाला. लोकांनी कॉफीला जमायचे आणि आपल्या कपाची किंमत संस्थेला द्यायची. पुढच्या वर्षी तो देशभर झाला आणि आजवर त्यातून वीस कोटी पौंडांहून अधिक निधी जमला आहे. यासाठी संस्थेने एकच भव्य सोहळा भरवला नाही. कार्यालयात, शाळेत, स्वयंपाकघरात, जिथे कोणी यजमान व्हायला तयार असेल तिथे त्याच दिवसांत तेच करायचे, आणि लागणारे साहित्य संस्थेने टपालाने पाठवायचे, अशी ती पद्धत आहे. आपल्या मसाला दुधाला ही पद्धत चपखल बसते. कोजागरी मुळातच गच्चीवर, अंगणात, चार घरांनी मिळून करण्याची गोष्ट आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, कोजागरीच्या रात्री ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या घरी शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना दुधासाठी बोलवावे आणि त्यानंतरच्या शनिवारी सर्वांनी हॉलमध्ये एकत्र यावे. प्रत्येक यजमानाला मंडळाकडून एक पाकीट मिळेल. त्यात वेलदोडे, जायफळ, केशर आणि चारोळी यांची मोजून बांधलेली पुडी, दूध आटवण्याची कृती इंग्रजीत, हॉस्पिसची माहितीपत्रिका आणि देणगीचे लिफाफे असतील.

तारखेबद्दल मी पुष्कळ विचार केला. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार कायमचा धरावा, असे काहींनी सुचवले होते. परंतु २०२४ साली त्या शनिवारी, १२ ऑक्टोबरला, दसराच होता आणि कोजागरी पुढच्या बुधवारी, १६ तारखेला आली. २०२५ साली ती सोमवारी, ६ ऑक्टोबरला आली. २०२३ साली तर शनिवारीच होती. "कोजागरीचा किंवा तिच्यानंतरचा पहिला शनिवार" असा नियम केला, तर मेळावा दसऱ्यानंतर आणि लक्ष्मीपूजनाच्या किमान आठवडाभर आधी येतो, कारण ही अंतरे तिथींनीच बांधलेली आहेत. पंचांगावरून पुढील पाच वर्षांच्या तारखा आजच काढून शेजाऱ्यांना आणि हॉस्पिसला कळवता येतील.

आपल्या सूचनांची वाट पाहते.

प्रेषक: कार्यकारिणीचे एक सदस्य

नमस्कार.

ताई, आपल्या प्रस्तावामागील कळकळ मला पूर्णपणे मान्य आहे. तथापि, शहरभर नाव व्हायचे असेल तर शहराला दिसेल असे काहीतरी हवे, असे मला वाटते. घराघरांतून दूध प्यायल्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्र छापणार नाही. आपण शहरातील मोठे नाट्यगृह घ्यावे, पुण्या-मुंबईहून नामवंत गायकांना बोलवावे, तिकीट ठेवावे आणि स्मरणिकेत जाहिराती घ्याव्यात. उद्योजक मंडळी प्रायोजक म्हणून पुढे येतील ती अशाच कार्यक्रमासाठी.

दुसरा मुद्दा निधीच्या वाटणीचा. जमलेल्या रकमेचा अर्धा भाग महाराष्ट्रातील एखाद्या संस्थेला द्यावा, अशी अनेक ज्येष्ठांची इच्छा आहे आणि तिचा आदर व्हायला हवा.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

सर्वांना सादर नमस्कार.

हिशेबाची बाजू मी अनेक वर्षे सांभाळली असल्यामुळे दोन्ही पत्रांवर थोडे विस्ताराने लिहितो.

आधी मोठ्या कार्यक्रमाचे पाहू. समजा, नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांचा विमानप्रवास, व्हिसा, मानधन, निवास आणि ध्वनिव्यवस्था मिळून १५,००० पौंड खर्च आला आणि २५ पौंडांची ६०० तिकिटे आपण छापली. शेवटचे तिकीट विकले गेले तरी १५,००० पौंडच जमतात आणि हॉस्पिसच्या हाती काही लागत नाही. तिकिटे उरली आणि प्रायोजक आले, तर त्यांचा पैसा ती तूट भरण्यात जाईल. न आले तर तोटा मंडळाच्या शिलकीतून भरावा लागेल. आता घरांचे गणित मांडू. चाळीस घरे, प्रत्येक घरी दहा पाहुणे, माणशी पाच पौंड देणगी, असे धरले तर २,००० पौंड होतात आणि दुधाचा खर्च यजमानच आनंदाने करतात. त्याशिवाय हे पैसे देणगी म्हणून दिले असल्यामुळे, देणारा इथे पुरेसा कर भरत असेल आणि लिफाफ्यावर नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड आणि गिफ्ट एड या करसवलत योजनेची संमती लिहीत असेल, तर हॉस्पिसला प्रत्येक पौंडामागे आणखी २५ पेन्स सरकारकडून मिळतात. सर्वांनी लिफाफा नीट भरला तर २,००० चे २,५०० होतात. प्रवेशाचे तिकीट अथवा सोडतीचे तिकीट विकून आलेल्या पैशावर हा लाभ मिळत नाही, कारण त्या पैशाच्या बदल्यात देणाऱ्याला काहीतरी मिळालेले असते. म्हणून माझा आग्रह आहे की शनिवारच्या मेळाव्यालाही तिकीट नको. प्रवेश सर्वांना खुला असावा आणि दाराशी देणगीचे लिफाफे असावेत.

सोडतीविषयी. मेळाव्याच्या वेळी तिथेच तिकिटे विकून काढलेल्या सोडतीला नोंदणी लागत नाही. मात्र विक्रीच्या रकमेतून बक्षिसांसाठी ५०० पौंडांपेक्षा आणि इतर खर्चासाठी १०० पौंडांपेक्षा अधिक वजा करता येत नाही. तिकिटे आठवडाभर आधी दुकानांतून विकायची असतील, तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, नोंदणी करावी लागते आणि तिचे शुल्क पहिल्या वर्षी ४० पौंड आहे. बक्षिसे सभासदांनी दिलेली असावीत आणि विक्री हॉलमध्येच व्हावी, हे सर्वांत सुटसुटीत.

रात्रीच्या वेळेकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. या देशात रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत पैसे घेऊन लोकांना गरम पेय देणे हा परवान्याचा विषय आहे आणि आत येण्यासाठी शुल्क घेतले असेल तर दूध फुकट दिले असेही मानले जात नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना त्यातून सूट आहे. परंतु आपले मंडळ अद्याप तसे नोंदणीकृत नाही. परवाना लागेल असा कार्यक्रम पुढे कधी करायचा ठरला, तर कौन्सिलला किमान दहा कामकाजाचे दिवस आधी २१ पौंड भरून तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागेल आणि तिच्यात स्वयंसेवक धरून ५०० पेक्षा कमी माणसांचीच मर्यादा आहे. शनिवारचा कार्यक्रम दहा वाजता संपवावा, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

महाराष्ट्रातील संस्थांना मदत व्हावी, ही इच्छा माझीही आहे. परंतु हॉस्पिसच्या नावाने मागितलेला पैसा हॉस्पिसलाच गेला पाहिजे. शेजाऱ्याने एका कामासाठी दिलेले आपण दुसरीकडे वळवू शकत नाही. शिवाय भारतातील संस्थेला परदेशातून देणगी घ्यायची असेल, तर तिच्याकडे विदेशी देणगी कायद्याखालील नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच जमा व्हावी लागते. एका संस्थेला दिलेले पैसे तिने दुसरीला वाटणेही त्या दुरुस्तीने बंद झाले आहे. यासाठी गुढीपाडव्याला वेगळे, महाराष्ट्राच्या नावाने आवाहन करावे. मुंबईतील वांद्र्याचे शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ साली सुरू झाले आणि त्याचे काम पुढे गोव्यातही पोहोचले. ज्येष्ठांना आपल्या कामाचा धागा तिकडे जोडायचा असेल, तर अशा संस्थांकडे त्यांच्या नोंदणीची चौकशी आधी करावी.

शेवटची विनंती. पैसे मंडळाच्या खात्यातून फिरवू नयेत. बंद डबे आणि लिफाफे हॉलमध्येच, परस्परांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावेत, दोघांनी सही करावी आणि सोमवारी सकाळी हॉस्पिसकडे सुपूर्द करावेत.

प्रेषक: एक सभासद, परिचारिका

नमस्कार.

मी हॉस्पिसमध्ये रात्रपाळी करते, म्हणून एवढेच लिहिते. शेवटच्या दिवसांत जेवण जात नाही, पण चवीची इच्छा राहते. आमच्याकडे एक गुजराती आजोबा होते. त्यांची सून घरून वेलदोड्याचे दूध आणायची आणि आम्ही ते मऊ स्पंजच्या काडीने त्यांच्या ओठांना लावायचो. त्यांचे डोळे मिटलेले असायचे, पण ओठ हलायचे. अशा रात्री एका रुग्णापाशी बसायला माणूस लागते आणि त्या माणसाचा पगार याच देणग्यांतून होतो. गायक आले तर मलाही ऐकायला आवडतील. फक्त तो खर्च या निधीतून होऊ नये.

यजमानांसाठी एक सूचना. मसाल्याच्या पुडीवर आतील प्रत्येक घटकाचे नाव इंग्रजीत ठळक लिहावे, बदाम किंवा पिस्ते घातले असतील तर अवश्य. इथे नमूद करायच्या ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत चौदा नावे आहेत आणि दूध व बदाम-पिस्त्यांसारखा सुकामेवा दोन्ही त्यांत आहेत. ओटच्या दुधाचे एक वेगळे पातेले असावे आणि त्याचा डावही वेगळा असावा.

प्रेषक: सांस्कृतिक समितीप्रमुख

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

कोषाध्यक्षकाकांचे सर्व मुद्दे मी प्रस्तावात घेतले आहेत आणि परिचारिका ताईंची सूचना पुडीच्या मजकुरात घेतली आहे. गायनाच्या कार्यक्रमाला माझा विरोध नाही. तो मंडळाने आपल्या खर्चाने, आपल्या तिकिटावर, दुसऱ्या महिन्यात करावा आणि प्रायोजकांना त्यासाठी भेटावे. कोजागरीचा मेळावा मात्र असा असावा की मंडळाची कार्यकारिणी बदलली, शिल्लक संपली किंवा ज्यांनी तो उभा केला ती माणसे गाव सोडून गेली, तरी पुढच्या ऑक्टोबरात कोणीतरी पातेले चुलीवर ठेवू शकेल. त्यासाठी तो स्वस्त आणि सोपा राहिला पाहिजे. वर्तमानपत्रात नाव येण्यापेक्षा आपल्या रस्त्यावरील दहा घरांना तारीख पाठ असणे मला अधिक मोलाचे वाटते, आणि वर्तमानपत्रालाही बातमी मिळेलच, कारण एकाच रात्री चाळीस घरांच्या परसात अनोळखी शेजारी चंद्राखाली एकत्र बसणे हे या शहरात रोज घडत नाही. ऑक्टोबरात इथे पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि आठ वाजेपर्यंत चांगला वर येतो, त्यामुळे शाळेच्या मुलांनाही जागरण घडणार नाही. ढग आले तर दूध घरात प्यावे.

वार्षिक सभेपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा असा:

"मंडळ दर वर्षी कोजागरीच्या रात्री सभासदांच्या घरी आणि कोजागरीच्या किंवा तिच्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सभागृहात, स्थानिक हॉस्पिसच्या मदतीसाठी मेळावा भरवील. प्रवेशशुल्क राहणार नाही. जमलेली सर्व रक्कम खर्च वजा न करता हॉस्पिसला दिली जाईल. मेळाव्याचा खर्च यजमान आणि मंडळ करतील. पाच वर्षांनंतर या ठरावाचा फेरविचार केला जाईल."

ठरावाला अनुमोदक हवा आहे. पहिल्या वर्षी चाळीस घरांचा आग्रह धरू नये. बारा घरे मिळाली तरी सुरुवात करावी, असे मी सुचवते. ज्यांना यजमान व्हायचे आहे त्यांनी याच पत्राला उत्तर देऊन आपला विभाग आणि किती माणसांची सोय होईल तेवढे कळवावे. घरचा पत्ता सर्वांना जाईल अशा पत्रात लिहू नये. हॉलच्या आरक्षणाचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पाचही शनिवार आताच मागून घ्यावेत, कारण ऑक्टोबरात गरबा मंडळेही त्याच हॉलच्या शोधात असतात.