जीन्सच्या खिशातला चाकू

शनिवार, रात्री ८.४१

बी-३०२ काकू: सगळ्यांना नमस्कार. आज मशीनला कपडे लावताना आमच्या धाकट्याच्या जीन्समधून हे निघालं. [फोटो] हातात घेतलं तर अडकित्त्याएवढं जड. मागचा खटका दाबला गेला आणि पातं खाडकन बाहेर आलं. अंगठा थोडक्यात वाचला माझा. विचारलं तर म्हणतो, सी-२०४ च्या दादांकडे आहे, म्हणून मी पण मागवला. दादा, हे खरं आहे का?

बी-४०३: बापरे. काकू, दुसरा खिसा पण बघा. आत ढाल असेल.

बी-३०२ काकू: मस्करी नको. माझे हात अजून थरथरायलेत.

सी-२०४ दादा: काकू, आधी तुम्हाला लागलं तर नाही ना? आणि माझा चाकू असला नाही ओ. माझा बोटाएवढा आहे. बागेत जाताना खिशात असतो, तुम्ही पाहिलाय. गच्चीवर उसाची कांडी सोलली होती बघा गेल्या संक्रांतीला.

ए-१०१ अण्णा: सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा तोंडावर आहे. या दिवसांत पोलीस आयुक्तांचा शस्त्रबंदीचा आदेश असतो. चाकू बाळगणे गुन्हा आहे.

सेक्रेटरी: अण्णा, बरोबर. पण हा काकूंच्या घरातला विषय आहे, ग्रुपवर शांतपणे बोलू या.

ए-३०३ ताई: घरातला कसा? लिफ्टमध्ये मागच्या आठवड्यात हाच मुलगा तो उघड-मीट करत उभा होता. माझी लेक सोबत होती. मी तेव्हा बोलले नाही, कारण इथं काही बोललं की लोकांना राग येतो.

बी-३०२ धाकटा: ताई सॉरी. मी पण ग्रुपवर आहे, जरा माझं ऐका. टॉवेल कारखान्यात पॅकिंगला लागून तीन महिने झाले. दिवसभर पट्टी कापा, सुतळी कापा, खोके फोडा. कटर एकच, तो कुणाच्या तरी हातात असतो. म्हणून स्वतःचा घेतला. मारामारीसाठी नाही.

बी-३०२ काकू: मग घरी सांगायला काय झालं होतं?

बी-३०२ धाकटा: आई, आपण स्वयंपाकघरात बोलू.

बी-४०३: आज पाण्याची पाळी आहे ना? मोटर कुणाकडे?

सेक्रेटरी: पाणी उद्या पहाटे. कृपया विषय सोडू नका.

सी-२०४ दादा: काकू, तुमच्या किचनच्या काट्यावर तो ठेवून वजन सांगा बरं.

बी-३०२ काकू: १६८ ग्रॅम.

सी-२०४ दादा: तिथंच चुकलं. रोज खिशात ठेवायचा चाकू ६० ग्रॅमच्या आत हवा. १६८ ग्रॅम लोखंड खिशात घेऊन सोलापूरच्या उन्हात दिवसभर फिरलं की पॅन्ट एका बाजूला ओढली जाते, मांडीला लागत राहतं. चार दिवसांत माणूस कंटाळतो आणि चाकू ड्रॉवरमध्ये पडतो. मग गरजेला हाताशी नाही, म्हणजे घेऊन उपयोग काय?

ए-१०१ अण्णा: पुन्हा सांगतो. गड्डा यात्रा तोंडावर आहे. चाकू बाळगणे गुन्हा आहे.

ए-२०१ वकील: अण्णा, जरा नीट मांडतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, आणि घरकाम, शेती, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे भाजीची सुरी किंवा दादांचा चाकू त्यात येत नाही. पण अण्णा म्हणतात तेही खोटं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. त्याखाली आदेश निघाला की ठरलेल्या काळात सार्वजनिक जागी चाकू, काठी काहीच नेता येत नाही. तिथं इंच मोजत बसत नाहीत.

ए-१०१ अण्णा: मी तेच म्हणत होतो.

ए-२०१ वकील: तेच नव्हतं, पण असो.

बी-४०३: मग यात्रेत मिरवतात त्या नंदीध्वजाच्या काठीचं काय?

ए-१०१ अण्णा: देवाच्या गोष्टीत थट्टा नको. आमच्या घराण्याचे लोक काठीला हात लावण्याआधी उपवास करतात.

बी-४०३: चुकलं अण्णा. माफी.

रात्री ९.०७

बी-३०२ धाकटा: दादा, मग घ्यायचा कुठला ते सांगा ना. हा परत करता येतोय, सोमवारपर्यंत मुदत आहे.

सी-२०४ दादा: लिहितो. जेवण झालं की.

ए-३०३ ताई: तोपर्यंत मी एक बोलते. हत्यार कुणाच्या हातात जातं यालाही महत्त्व असतं. गणपतीच्या मांडवाला माझी टेलरिंगची कात्री नेली होती. कापडाशिवाय दुसऱ्या कशाला मी ती लावत नाही. परत आली तेव्हा पात्याला दोन खाचा. कुणीतरी त्या कात्रीने लायटिंगची वायर कापली. आजपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

बी-४०३: ताई, हे चौथ्यांदा.

ए-३०३ ताई: पाचव्यांदाही सांगेन. कात्री माझी होती.

सेक्रेटरी: ताई, कमिटीतर्फे मी तेव्हाच दिलगिरी व्यक्त केली आहे.

ए-३०३ ताई: दिलगिरीने कापड कापत नाही सर.

बी-४०३: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

ए-३०३ ताई: मी वाचला तो.

रात्री ९.४८

सी-२०४ दादा: हं, आता ऐक. माझे आजपर्यंत तीन चाकू झाले. पहिला मंगळवार पेठेतून घेतलेला, लोखंडी मुठीचा. त्याला लॉक नव्हतं. स्प्रिंगच्या जोरावर पातं उभं राहायचं, एवढंच. सांगोल्याकडच्या बागेत औषधाच्या डब्याचं झाकण त्याच्या टोकाने उचकटायला गेलो. पातं मिटलं ते माझ्या तर्जनीवर. तीन टाके पडले. त्यात चाकूचा दोष नव्हता. बिनलॉकचा चाकू कापण्यासाठी असतो, उचकटण्यासाठी नाही. पात्याच्या पाठीवर दाब आला की तो मिटणारच.

सी-२०४ दादा: दुसरा ओपिनेलचा, ८ नंबर. फ्रान्समधल्या साव्वा भागात १८९० पासून बनतात हे. लाकडी मूठ, साडेआठ सेंटीमीटरचं पातं, वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी आहे, ती फिरवली की पातं मिटत नाही. ही कडी १९५५ साली आली. खिशात आहे की नाही कळत पण नाही इतका हलका. ठिबकची नळी, सुतळी, खताची गोणी, सगळं त्याने कापलं. डाळिंबावर तेल्या रोगाचा डाग दिसला की फळ उभं चिरून आत किती गेलाय ते त्यानेच बघायचो.

बी-३०२ धाकटा: मग तोच घेतो.

सी-२०४ दादा: थांब की रे. माझा कार्बन स्टीलचा होता. धार लावायला फार सोपा, घरच्या दगडावर पाच मिनिटांत वस्तऱ्यासारखा. पण डाळिंबाचा रस लागला आणि तसाच मिटून ठेवला, तर संध्याकाळी पातं काळं. घामाच्या खिशात तर तांबेरा धरतो. आणि मूठ भिजली की लाकूड फुगतं, मग पातं निघता निघत नाही. एकदा पावसात दाताने ओढावं लागलं. म्हणून घेतलास तर स्टेनलेसचा घे. त्यांच्याकडे दोन्ही मिळतात.

बी-२०४ मावशी: दाताने चाकू उघडलात? वहिनींना माहीत आहे का?

सी-२०४ दादा: मावशी, आता कळलं असेल. ती पण आहे ग्रुपवर.

सी-२०४ वहिनी: आज कळलं.

ए-१०१ अण्णा: सर्व सभासदांनी नोंद घ्यावी. कलम ३७.

सी-२०४ दादा: तिसरा तो लाल, स्विस. १८८४ ला कार्ल एल्सेनर यांनी कारखाना काढला, १८९१ ला सैन्याला चाकू दिले, तीच कंपनी, व्हिक्टोरिनॉक्स. सगळ्यांत लहान ५८ मिलिमीटरचा येतो, २१ ग्रॅम फक्त. छोटं पातं, कात्री, कानस, चिमटा, दात कोरणी. त्याला लॉक नाही. पण चार सेंटीमीटरपेक्षा लहान पात्याने कोण उचकटायला जाणार? सध्या खिशात हाच असतो. आता बागेत भाऊ जातो आणि मी जास्त ऑफिसात, तेव्हा एवढा पुरतो. पार्सल फोडा, दोरा काप, नातीची गोळ्यांची पट्टी काप. ऑफिसच्या टेबलावर काढला तरी कुणी दचकत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ए-३०३ ताई: कात्री आहे त्यात? धागा कापते नीट?

सी-२०४ दादा: सुंदर कापते ताई. शिवणीला चिकटून कापता येतं.

ए-३०३ ताई: बघायला द्या एकदा. मी परत देते वस्तू, आहे तशी.

बी-४०३: ताई, ती वायर मी कापली होती. खरंच. अंधार होता, आरतीची वेळ झाली होती, हाताला लागली ती कात्री घेतली. सांगायची हिंमत झाली नाही.

सेक्रेटरी: अरेरे.

ए-३०३ ताई: चार महिने?

बी-४०३: हो.

ए-३०३ ताई: बरं.

रात्री १०.१५

बी-२०४ मावशी: चाकू हातातून हातात देऊ नका बाई कुणी. खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. नाहीतर भांडणं होतात. बघा आज काय चाललंय ते.

ए-२०१ वकील: मावशी, उघडं पातं हातात देऊ नये हे सुरक्षिततेलाही धरूनच आहे.

बी-३०२ धाकटा: दादा, माझ्या कामाला कुठला? पट्टी प्लास्टिकची असते, गठ्ठ्याला ताणून बांधलेली.

सी-२०४ दादा: त्या पट्टीला आधी घाबरायला शीक. ताणलेली पट्टी कापली की सटकन उसळते, तोंडावर येते. एक हात पट्टीवर दाबून धर, तोंड बाजूला, आणि पातं स्वतःपासून लांब ओढ. त्या कामाला खिशातला चाकू नकोच, कारखान्याकडून वेगळा कटर मागून घे, मोडत्या पात्यांचा. बोथट झालं की टोक मोडायचं, नवी धार. खोकी पण त्यानेच फोड. तुझा चाकू सुतळी, धागा, डब्यातलं सफरचंद यांना.

सी-२०४ दादा: आणि टॉवेलच्या कामात एक त्रास जास्त होणार. कापसाची बारीक धूळ उडते ना, ती बिजागरीत जाऊन बसते. पातं जड फिरायला लागतं, लॉक अर्धवट लागतं. आठवड्याला एकदा काडीने ती काढ आणि शिवणमशीनच्या तेलाचा एक थेंब सोड. एकच थेंब, जास्त सोडलं की पुन्हा धूळ धरतं.

बी-३०२ धाकटा: लॉक कुठलं बघू? याच्यात आत एक पट्टी सरकते.

सी-२०४ दादा: ते लाइनर लॉक. वाईट नाही, पण मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. पट्टी सरकवली की अंगठा काढायचा, मगच पातं मिटायचं. नवीन माणूस तिथंच कापून घेतो. दुसरं असतं मुठीच्या पाठीवर दाबायचं, त्यात बोटं वाटेत येत नाहीत. दुकानात जाऊन उघडून बघ. पातं उभं करून हलकेच डावी-उजवी हलव. खडखडलं तर नको. पातं अडीच-तीन इंच पुरे. आणि झटक्याने उघडणारं काहीही नको. तुझ्या आईच्या अंगठ्यापाशी आज काय झालं ते आठव.

बी-३०२ काकू: दादा, खूप आभारी आहे. मी संध्याकाळी जरा रागात लिहिलं.

सी-२०४ दादा: काकू, त्याला चाकू बघून मोह झाला तो माझ्यामुळेच. दाखवला तेव्हाच हे सगळं सांगायला हवं होतं मी.

ए-१०१ अण्णा: यात्रा संपेपर्यंत घ्यायचाच असेल तर घ्या, पण घरी किंवा कामावरच्या लॉकरमध्ये ठेवा. यात्रा भरते त्या होम मैदानावर नेऊ नका. माझ्या भाच्याला मागे यात्रेत खिशातल्या साध्या चाकूवरून चौकीत तीन तास बसवलं होतं. रात्री एक वाजता मीच आणायला गेलो होतो. म्हणून पुन्हा पुन्हा लिहितो.

ए-२०१ वकील: अण्णा, हे आधी सांगायचं होतं.

बी-३०२ धाकटा: नाही नेणार अण्णा. कामावरच्या लॉकरमध्येच ठेवतो.

बी-२०४ मावशी: विमानाचं पण सांगा कुणी. आमच्या जावयाचा हाताखालच्या बॅगेतला चाकू तपासणीत काढून घेतला. त्याच्या वडिलांचा होता.

सी-२०४ दादा: हो मावशी. केबिन बॅगेत अजिबात चालत नाही. चेक-इनच्या बॅगेत टाकायचा. निघायच्या आदल्या रात्री खिसे बघायचे.

रात्री १०.५२

बी-३०२ धाकटा: परतीचं पार्सल नोंदवलं. उद्या दादांबरोबर बाजारात जातोय. स्टेनलेसचा ८ नंबर मिळाला तर तो, नाहीतर पाठीवर लॉकवाला हलका.

सी-२०४ दादा: सकाळी अकराला खाली ये. येताना आईच्या सुऱ्या पण आण, धार लावून घेऊ.

ए-३०३ ताई: माझी कात्री पण न्या. त्या खाचा निघतात का विचारा. पैसे बी-४०३ देतील.

बी-४०३: देतो ताई. मी पण येतो बरोबर.

सेक्रेटरी: पहाटे पाच वाजता पाणी येईल. मोटर बी-४०३ कडे आहे.

बी-४०३: माझ्याकडे? गेल्या पाळीला पण मीच होतो.